अक्षरांच्या आड लपलेले अंक
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'गणिताची गोडी' या विषयावर बोलावयास सांगण्यात आले आहे. गोडी सांगून लागत नाही, चाखावी लागते. तेव्हा मी भाषण थोडे करणार आहे आणि फळ्यावर कोडी अधिक सोडवणार आहे. स्मरणिकेत हा मजकूर वाचणाऱ्यांनी जवळ एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे, ही विनंती. चहाच्या पुड्याचा कागद असला तरी चालेल.

एक खुलासा आधीच करतो. मी बी. ए., बी. एड. माणूस आहे, गणिताचा पदवीधर नाही. सहावी-सातवीचे गणित माझ्याकडे आले ते वेळापत्रकाच्या अडचणीतून. पण त्यामुळे एक गोष्ट साधली. मूल कोठे अडते हे मला चटकन कळते, कारण बहुधा मीही तेथेच अडलेला असतो.

आता हे पाहा. फळ्यावर मी अंक न लिहिता अक्षरे लिहितो:

रथ + थर = सरस

ही बेरीज आहे. प्रत्येक अक्षराच्या आड एक अंक लपला आहे. नियम तीनच. एका अक्षराचा अंक सगळीकडे तोच राहतो. दोन निरनिराळ्या अक्षरांचा अंक कधीही एक नसतो. आणि कोणत्याही संख्येची सुरुवात शून्याने होत नाही. याशिवाय काहीही दिलेले नाही, आणि काहीही लागत नाही.

विद्यार्थी लगेच म्हणतात, "सर, अंदाजाने टाकून बघू का?" जरूर बघा, पण त्याआधी क्षणभर थांबा. दोन अंकी दोन संख्या मिळवल्या आहेत. ९९ आणि ९९ मिळवले तरी १९८ च होतात, दोनशे होत नाहीत. मग उत्तरातील शेकड्याच्या घरात काय येणार? १ च येणार. म्हणजे स = १. आता एककाचे घर पाहा. थ आणि र मिळवून शेवटी स, म्हणजे १, येतो. ती बेरीज नुसती १ असू शकत नाही, कारण मग दोघांपैकी एक शून्य होईल आणि दोघेही संख्येच्या आरंभी बसलेले आहेत. म्हणून ती बेरीज ११, हातचा १. दशकाच्या घरात पुन्हा तेच दोघे, ११ आणि हातचा १ मिळून १२. तेथे र लिहिला आहे, म्हणून र = २. मग थ = ९. ताळा करून पाहा: २९ + ९२ = १२१.

यात आपण एकदाही अंदाज केला नाही. तिसरीच्या मुलाला येणारी बेरीज आणि हातचा, एवढ्यावर काम झाले. या कोड्यांचा सगळा जीव त्या हातच्यात आहे. एरवी आपण हातचा बोटावर धरतो आणि विसरतो, येथे तोच साक्षीदार होऊन सगळे सांगून टाकतो.

आता थोडे अवघड:

कक + लल + मम = कलम

एककाच्या घरात क, ल आणि म मिळवून शेवटी म च येतो. याचा अर्थ क आणि ल मिळून शेवटी शून्य आले पाहिजे, आणि दोघांपैकी कोणीही शून्य नाही. म्हणून क + ल = १०. एककाची बेरीज दहा अधिक म, हातचा १. दशकाच्या घरात पुन्हा तीच तीन अक्षरे, त्यात हातचा मिळवला की अकरा अधिक म. म हा १ पासून ९ पर्यंत काहीही असला तरी ही बेरीज १२ ते २० च्या दरम्यान राहते. म्हणून क एक तर १ किंवा २. क जर २ असेल तर ही बेरीज २० च हवी, म्हणजे ल शून्य होईल. पण क + ल = १० आहे, त्यामुळे क २ असताना ल ८ असला पाहिजे. हे जुळत नाही. तेव्हा क = १, ल = ९, आणि अकरा अधिक म बरोबर १९, म्हणून म = ८. कलमाची किंमत १९८ निघाली. ११ + ९९ + ८८ = १९८.

हे कोडे मी सातवीच्या वर्गात घातले होते. नेहमी मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी उभी राहिली. चाचणीत गणितात तिला कधी दहाच्या वर गुण पडलेले नव्हते. ती म्हणाली, "सर, क तीन होऊच शकत नाही. मोठ्यात मोठे तीन घेतले तरी नव्व्याण्णव, अठ्ठ्याऐंशी आणि सत्त्याहत्तर. दोनशे चौसष्टच होतात." ही वाट मी सांगितली नव्हती. माझ्या टिपणातही ती नव्हती. हातचा न मोजता तिने एका वाक्यात सात अंक बाद केले.

त्या मुलीला सातवीनंतर शिलाईच्या कामाला बसवावे, असे घरात ठरत आले होते. कारण एकच, "गणित येत नाही, पुढे कशाला?" तिच्या अम्मी शाळेत आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "सर, आमच्या घराण्यात हिसाब कोणालाच येत नाही." या बाई अडीच मीटर कापडातून किती निघेल, अस्तराला किती लागेल, शिलाई किती सांगावी म्हणजे गिऱ्हाईक परत जाणार नाही, हे सगळे तोंडी करतात. हिसाब येत नाही म्हणजे नेमके काय येत नाही? मी त्यांना एवढेच विचारले. मुलगी आज नववीत आहे. ती गणितात पहिली आलेली नाही. मागच्या परीक्षेत बावन्न गुण पडले. पण ती शाळेत आहे.

पालकहो, आज मला तुमच्याशी बोलावयाचे आहे ते याबद्दल. 'गणित कच्चे' हा शिक्का आपण फार लवकर मारतो, मुलींवर तर त्याहूनही लवकर. तो कशाच्या आधाराने मारतो? बहुतेक वेळा पाढा अडखळला, भागाकार चुकला, सूत्र आठवले नाही, यावरून. ही कामे शिकावीच लागतात, मी त्यांची थट्टा करत नाही. पण ती न जमणे म्हणजे विचार न जमणे नव्हे. मुलाला विचार करता येतो की नाही हे पाहावयाचे असेल, तर त्याला असे काम द्या ज्यात पाठ केलेले काही कामाला येत नाही. अक्षरांचे कोडे हे तसे काम आहे.

अक्षराला अंकाची किंमत देणे आपल्याला नवीन नाही. अबजद आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे: अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, याप्रमाणे गैन म्हणजे १००० पर्यंत. ७८६ हा आकडा प्रत्येकाच्या ओळखीचा आहे आणि तो अक्षरांच्या बेरजेतूनच आला आहे. इमारतींवर आणि कबरींवर कोरलेल्या काव्यपंक्तींतून साल काढण्याची पद्धतही हीच. संस्कृत पंडितांची कटपयादी पद्धत तशीच, तिच्यात क, ट, प आणि य या चौघांची किंमत १ असते. पण या दोन्हींत किल्ली आधीपासून हातात असते. अक्षर पाहिले की किंमत ठरलेली. आपल्या कोड्यात किल्लीच हरवलेली असते आणि ती कुलुपावरून घडवावी लागते.

आणखी एक गोष्ट बोलून टाकतो, कोणी रागावू नये. आपल्या प्रत्येक शैक्षणिक सभेत कोणीतरी सांगतो की बीजगणित अल्-ख्वारिझ्मी यांनी दिले, नवव्या शतकात, बगदादमध्ये, आणि 'अल्जिब्रा' हा शब्द त्यांच्या ग्रंथातील 'अल्-जब्र' वरून आला. हे खरे आहे. आपण टाळ्या वाजवतो. मग घरी जातो आणि मुलगा म्हणतो, "मला अल्जिब्राची भीती वाटते," तेव्हा आपण म्हणतो, "मलाही वाटायची." त्या टाळ्यांचे काय झाले? गंमत अशी की अल्-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथात आजच्यासारखे 'क्ष' वगैरे काहीच नाही. सगळे शब्दांत लिहिलेले आहे. अज्ञात संख्येला ते 'शय', म्हणजे वस्तू, म्हणत. ज्ञात आणि अज्ञात संख्यांसाठी पद्धतशीरपणे अक्षरे वापरली ती फ्रान्सच्या व्हिएत यांनी, १५९१ मध्ये. मुलांना हे सांगितले की त्यांची भीती थोडी कमी होते, असा माझा अनुभव आहे. अक्षर हे बीजगणिताचे शिंग नव्हे. 'अजून न सापडलेली वस्तू' एवढाच त्याचा अर्थ.

आता या प्रकारातील जगप्रसिद्ध कोडे. ते इंग्रजीत आहे, पण ते ऐकून आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांना हसू येईल. घरून आलेल्या निरोपासारखेच ते आहे: 'सेंड मोअर मनी', आणखी पैसे पाठवा. हे कोडे हेन्री ड्युडनी या इंग्रज कोडेकाराने जुलै १९२४ च्या 'स्ट्रँड' मासिकात दिले. शेरलॉक होम्सच्या कथा ज्या मासिकात येत, तेच हे. हे गृहस्थ तेराव्या वर्षी कारकून म्हणून नोकरीला लागले आणि महाविद्यालयात कधी गेलेच नाहीत.

स्पेलिंगप्रमाणे अक्षरे मांडा. वर एस, ई, एन, डी. त्याखाली एम, ओ, आर, ई. बेरजेत एम, ओ, एन, ई, वाय. चार अंकी दोन संख्या मिळवून पाच अंकी संख्या आली, म्हणून सर्वांत डावीकडचा एम हा हातचाच आहे, आणि तो १. हजाराच्या घरात एस आणि हा एम, म्हणजे एस अधिक १, अधिक असल्यास शेकड्याकडून आलेला हातचा. ही बेरीज दहा तरी झाली पाहिजे आणि अकराच्या पुढे ती जाऊ शकत नाही. म्हणून ओ एक तर ० किंवा १. एक तर एम ने घेतलेला आहे, तेव्हा ओ = ०.

शेकड्याच्या घरात ई अधिक ० बरोबर एन. नुसते शून्य मिळवले तर ई च राहील, पण येथे एन आहे. म्हणजे दशकाकडून हातचा १ आलाच पाहिजे, आणि एन हा ई पेक्षा एकाने मोठा. हे घर स्वतः पुढे हातचा देईल काय? त्यासाठी ई ९ असावा लागेल, मग एन शून्य होईल आणि शून्य तर ओ जवळ आहे. म्हणून पुढे हातचा नाही. मग हजाराच्या घरात एस अधिक १ बरोबर दहा, एस = ९.

दशकाच्या घरात एन अधिक आर, अधिक असल्यास हातचा, बरोबर दहा अधिक ई. एन हा ई पेक्षा एकानेच मोठा असल्यामुळे उरलेले नऊ आर आणि हातचा मिळून भरून काढतात. आर ९ असू शकत नाही, तो एस ने घेतला. म्हणून आर = ८ आणि एककाकडून हातचा १ आलेला आहे.

शेवटी एककाचे घर: डी अधिक ई बरोबर दहा अधिक वाय. शिल्लक अंक २ ते ७. वाय निदान २, म्हणून डी आणि ई मिळून निदान १२. शिलकीतून असे दोनच मेळ होतात, ५ आणि ७ किंवा ६ आणि ७. ई सात असेल तर एन आठ होईल, ते गेलेले आहेत. म्हणून सात डी कडे. ई सहा असेल तर एन सात होईल, तेही गेलेले. म्हणून ई = ५, एन = ६, वाय = २. ताळा: ९५६७ + १०८५ = १०६५२.

येथे थोडा हिशेब करून दाखवतो. आठ अक्षरे आहेत. दहा अंकांतून त्यांना अंक वाटण्याचे एकूण प्रकार १८ लाख १४ हजार ४०० होतात. एकेक प्रकार तपासायला दहा सेकंद धरले, तर रात्रंदिवस न झोपता बरोबर २१० दिवस लागतील. आपल्याला दहा मिनिटे लागली. 'म्हणून', 'पण' आणि 'तर' या तीन शब्दांनी उरलेले दिवस वाचवले.

आजची मुले म्हणतील, "सर, मोबाइलवर टाकले तर उत्तर लगेच येते." येते, खरे आहे. यंत्र ते अठरा लाख प्रकारही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासते. पण ९५६७ हे उत्तर कोणाला हवे आहे? त्या आकड्याने बाजारात काही विकत मिळत नाही. हे असे गणित आहे की ज्याचे उत्तर कवडीमोलाचे आणि वाट मोलाची. म्हणूनच ते नक्कल करून आणण्यात कोणालाही रस उरत नाही, हा त्याचा शिक्षकाच्या दृष्टीने मोठा फायदा.

याच्याविरुद्धही एक वजनदार मत आहे, ते लपवणे बरे नव्हे. रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे प्राध्यापक हार्डी यांनी १९४० साली आपल्या गणितविषयक पुस्तकात लिहिले आहे की, ८७१२ ही संख्या आपल्याच उलट्या संख्येची, २१७८ ची, बरोबर चौपट आहे. चार अंकी संख्यांत अशा फक्त दोनच आहेत. पण ही माहिती कोड्यांच्या सदरापुरती ठीक, खऱ्या गणितज्ञाला तिच्यात काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. हार्डी मोठे होते आणि केंब्रिजपुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण ते सातवीला शिकवत नव्हते. शिवाय आपल्याच महाराष्ट्रात देवळाली येथे एक शाळामास्तर होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांनी आयुष्यभर असल्याच अंकांच्या करामती केल्या आणि त्यांच्या ६१७४ या संख्येला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. तेव्हा कोड्यांच्या सदराला फार हिणवू नये.

हार्डींची तीच संख्या आपण कोडे म्हणून घेऊ. भूमितीत आपण चौकोनाला अबकड म्हणतो, तीच अक्षरे:

अबकड × ४ = डकबअ

चौपट करूनही संख्या चार अंकीच राहिली, म्हणून अ दोनपेक्षा मोठा नाही. चारने गुणलेल्या संख्येचा शेवटचा अंक सम असतो आणि तो येथे अ आहे, म्हणून अ = २. ड ची चौपट २ ने संपते, म्हणजे ड ३ किंवा ८, पण उत्तराची सुरुवात निदान आठाने होते, म्हणून ड = ८ आणि हातचा ३. हजाराच्या घरात दोन चोक आठ झाले, तेथे बाहेरून हातचा आलेला नाही, म्हणून ब लहान आहे: ०, १ किंवा २. दशकाच्या घरात क ची चौपट अधिक ३ ही विषम संख्या ब ने संपते, म्हणून ब = १. मग क ची चौपट ८ ने संपते, क २ किंवा ७. दोन गेलेला आहे, म्हणून ७. झाले: २१७८ × ४ = ८७१२.

पालकांसाठी आता एक व्यावहारिक सूचना. ज्यांना सूत्रे, समीकरणे येत नाहीत, त्यांनीही मुलाजवळ बसावे. तुमचे काम उत्तर सांगण्याचे नाही. मूल म्हणेल, "हा एक आहे." तुम्ही विचारा, "का?" एवढा एकच शब्द. मुलाला कारण सांगता आले तर पुढे जाऊ द्या, नाही आले तर पुसायला लावा. वीस मिनिटांच्या वर बसवू नका. कोडे अर्धे राहिले तरी चालेल, दुसऱ्या दिवशी मूल आपण होऊन त्याकडे येते. आणि मुलगा व मुलगी दोघांना एकाच कागदाभोवती बसवा. एकाला कोडे आणि दुसरीला भांडी, असे नको.

विद्यार्थ्यांनी स्वतः कोडी रचून पाहावीत. ते सोडवण्यापेक्षा अवघड आहे. 'दोन + दोन = चार' असे तुम्ही लिहाल आणि 'दो', 'न', 'चा' आणि 'र' यांना एकेक अंक द्याल. वाक्य म्हणून ते खरे, पण कोडे म्हणून बिघडलेले, कारण १३ + १३ = २६ हेही बसते आणि १४ + १४ = २८ हेही बसते. चांगल्या कोड्याला एकच उत्तर असावे लागते. शब्दांतही खरे आणि अंकांतही खरे असे एक इंग्रजी कोडे ॲलन वेन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केले: फॉर्टी, टेन आणि टेन मिळून सिक्स्टी. स्पेलिंग मांडून पाहा. २९७८६ मध्ये ८५० दोनदा मिळवले की ३१४८६ येतात. मराठीत असे एक तरी कोडे आपल्या शाळेतून तयार व्हावे अशी माझी फार इच्छा आहे. ज्याला जमेल त्याने ते माझ्याकडे आणावे, पुढच्या स्मरणिकेत नावानिशी छापण्याची विनंती मी संपादक मंडळाला करीन.

जाता जाता घरी नेण्यासाठी एक कोडे ठेवतो. चार अंकी संख्यांत अशा दोनच आहेत असे हार्डी म्हणाले, त्यातील दुसरी मी मुद्दाम सांगितलेली नाही:

अबकड × ९ = डकबअ

उत्तर स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर नाही. ते मला विचारावयासही येऊ नका, गुणाकार करून पाहिला की बरोबर आहे की नाही ते तुमचे तुम्हालाच कळेल. पहिला धागा तेवढा देतो: नऊने गुणूनही संख्या चार अंकीच राहते, तर अ किती असेल?